पहिल्या एसटीपूर्वीची न्याहारी आणि खोलीवरचा स्वयंपाक

खुलताबाद : बाजारसावंगी, गल्ले बोरगाव, गदाना, वेरूळ या गावांतील मुला-मुलींचे बारावीनंतरचे शिक्षण साधारणतः दोन वाटांनी पुढे जाते. काही जण तालुक्याच्या गावी, म्हणजे खुलताबादला येतात. उरलेले कागजीपुरा आणि दौलताबादचा घाट ओलांडून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठतात. त्यांतील काही रोज ये-जा करतात, तर काही शहरात दोघे-तिघे मिळून खोली घेतात. दौलताबादच्या किल्ल्यालगतच्या जुन्या दरवाजात वाहने अडकली, की सकाळच्या तासिकेला उशीर हा ठरलेलाच. त्यामुळे घराबाहेर पडण्याची वेळ दिवसेंदिवस अलीकडे सरकते आणि त्या ओढाताणीत सर्वप्रथम बळी जातो तो न्याहारीचा. पहाटे चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री खोलीवर नूडल्सचे पाकीट, असा क्रम महिनोन्‌महिने चालतो.

घरचा डबा मिळणाऱ्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. खानावळ लावणाऱ्यांच्या हाती निवड फारशी नसते. प्रस्तुत माहिती प्रामुख्याने तिसऱ्या वर्गासाठी आहे. एक शेगडी, दोन-तीन भांडी, मोजके पैसे आणि स्वयंपाकाचा अनुभव शून्य, अशा स्थितीत खोलीवर राहणारा विद्यार्थी तो हाच. त्याने शंभर पदार्थ शिकण्याची मुळीच आवश्यकता नाही. पाच-सहा पुरेत, परंतु त्यांतील प्रत्येकात डाळ, बेसन, शेंगदाणे किंवा कडधान्य यांपैकी काहीतरी असले पाहिजे.

हिशेब किती रुपयांचा?

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. त्या वेळी ठरलेल्या दरांनुसार संभाजीनगरसारख्या विभागीय शहरासाठी वर्षाला ५१ हजार रुपये धरण्यात आले. त्यांपैकी २८ हजार भोजनाचे, १५ हजार निवासाचे आणि ८ हजार निर्वाहाचे. इतर मागास, विमुक्त-भटक्या व विशेष मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांसाठी पुढे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. तिच्यात तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यासाठी ३८ हजार रुपये असून त्यांतील भोजनभत्ता २३ हजारांचा आहे.

शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले, तर २८ हजारांचे महिन्याला २,८०० रुपये होतात, म्हणजे दिवसाला ९३ रुपयांच्या आसपास. तालुक्याच्या दराने हाच आकडा ७६-७७ रुपयांवर येतो. त्यात दोन वेळचे जेवण, न्याहारी आणि चहा भागवावयाचा. ही रक्कम रोज हाती पडत नाही, ती हप्त्यांनी खात्यात जमा होते. योजनेत नसलेल्या शेतकरी कुटुंबांतील मुलांकडेही याहून फार मोठी रक्कम असते असे नाही. टपरीवरचे दोन वडापाव आणि दोन कप चहा यांवर या रकमेतील मोठा वाटा खर्ची पडतो आणि पोटात जातो तो मैदा, बटाटा, तेल व साखर.

दुसरा हिशेब पोषणाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक सुधारित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दोन हजार कॅलरींच्या दैनंदिन आहारासाठी त्यांत धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. धान्याचा वाटा आपल्याकडे सहज भरतो, किंबहुना ओलांडलाच जातो. अडते ते डाळीपाशी आणि भाजीपाशी. ८५ ग्रॅम डाळ म्हणजे मध्यम वाटीने पाऊण वाटीच्या जवळपास कच्ची डाळ, तीही एका व्यक्तीस एका दिवसासाठी. तुलनेसाठी शिवभोजन थाळी पाहावी. २६ जानेवारी २०२० रोजी ती सुरू झाली, तेव्हा ठरलेल्या प्रमाणात दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण होते. शंभर ग्रॅम शिजलेल्या वरणात कच्ची डाळ मूठभरही नसते. खानावळीतील वरणाचा तळ शोधावा लागतो, ही विद्यार्थ्यांची जुनी थट्टा निराधार नाही. स्वतः शिजविण्याचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे डाळ किती घालावयाची, हे आपल्या हाती राहते.

खिचडी, वरण आणि एक कुकर

साहित्याची यादी लांबवू नये. तीन लिटरचा कुकर व त्यात बसणारे दोन डबे, एक तवा, एक कढई, सांडशी, उलथणे, सुरी आणि एक ठरावीक वाटी एवढ्यावर काम भागते. वाटी ठरलेली हवी, हे महत्त्वाचे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि नवशिक्यांच्या घरोघरी पोचले, त्याचे एक कारण म्हणजे त्यातील वाटी-चमच्याची मापे. ‘अंदाजाने मीठ’ हे वाक्य ज्याला अंदाज आहे त्यालाच उपयोगी पडते.

एका माणसाच्या खिचडीस अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ आणि अडीच वाट्या पाणी लागते. डाळ-तांदूळ दोन-तीनदा धुऊन घ्यावेत. कुकरमध्येच दोन चमचे तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, जिरे, हिंग, हळद, चार लसूण पाकळ्या आणि एक चिरलेला कांदा परतावा. टोमॅटो, गाजर, वाटाणा, पालक यांपैकी जे हाताशी असेल ते वाटीभर घालावे. त्यावर डाळ-तांदूळ, पाणी, मीठ घालून तीन शिट्ट्या कराव्यात आणि कुकर आपोआप उतरू द्यावा. मूगडाळीऐवजी मसूरडाळ चालते. तूरडाळीस मात्र अधिक वेळ लागतो, म्हणून ती अर्धा तास भिजवावी. डाळीचे प्रमाण तांदळाच्या निम्मे ठेवले, की खिचडी आजाऱ्याचे अन्न न राहता पूर्ण जेवण होते. वर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा जवसाची चटणी घेतल्यास आणखी काही करावे लागत नाही.

वरण-भात करावयाचा असेल, तर कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी ओतावे. खालच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, हळद आणि तेलाचे दोन थेंब घालावेत. वरच्या डब्यात तांदूळ ठेवावेत आणि त्याच कुकरात एखादा बटाटा सोडावा. चार शिट्ट्यांत तिन्ही शिजतात. निम्मी डाळ साधे वरण म्हणून घ्यावी आणि निम्म्या डाळीस संध्याकाळी लसूण-मिरचीची फोडणी द्यावी. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी उन्हाळ्यात हा मोह टाळावा, त्याचे कारण पुढे दिले आहे. डबे न वापरता थेट कुकरमध्ये डाळ शिजविताना तो अर्ध्याहून अधिक भरू नये. फेस शिट्टीच्या छिद्रात अडकतो आणि कुकरचे बहुतेक अपघात तेथूनच सुरू होतात. दर वेळी छिद्रातून उजेड दिसतो का, ते पाहावे. वाफ असताना झाकण ओढू नये, हे सांगण्याची गरज वाटू नये, तथापि भुकेच्या वेळी ते विसरले जाते.

घरून आलेला डबा, हाच खरा झटपट पदार्थ

मराठवाड्यातील घराघरांत टिकाऊ अन्नाची जी तयारी वर्षभरासाठी होते, ती खोलीवर राहणाऱ्याच्या दृष्टीने अमूल्य आहे. दुर्दैवाने गावाकडून निघताना मुले ती पिशवी नको म्हणतात आणि शहरात येऊन पाकीटबंद पदार्थांवर पैसे घालवितात.

त्यांत पहिला मान येसराचा. बाजरी किंवा ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ ही धान्ये वेगवेगळी खमंग भाजून, धने, मिरे, लवंग यांसारख्या मसाल्यासह दळली, की येसर तयार होते. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते आणि प्रत्येक घराला आपलेच योग्य वाटते. एका माणसाच्या आमटीस दोन मोठे चमचे येसर दोन वाट्या थंड पाण्यात कालवावे. चमचाभर तेलात लसूण व तिखट परतून हे पाणी ओतावे, मीठ घालावे आणि ढवळत पाच-सात मिनिटे उकळावे. कोणतीही डाळ न शिजविता आमटी तयार होते. भाकरी कुस्करून त्यात घातली, की रात्रीचे जेवण झाले. नूडल्सला लागतो त्याहून चार मिनिटे अधिक वेळ यास लागतो.

पिठले सर्वांस ठाऊक आहे, परंतु नवशिक्याच्या पिठल्यात गुठळ्या होतात. त्यावर उपाय एवढाच, की अर्धी वाटी बेसन आधी थंड पाण्यात पूर्ण कालवून घ्यावे. फोडणीत कांदा, मिरची, लसूण परतून एक वाटी पाणी उकळावे आणि मगच हे कालवण बारीक धारेने, ढवळत ओतावे. एकूण दोन वाट्या पाणी धरावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटे शिजू द्यावे. बेसन कच्चे राहिले, तर पोट बिघडते. शंभर ग्रॅम बेसनात वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पिठले हे गरिबीचे नव्हे, तर प्रथिनांचे जेवण होय. शिवाय यात एकच भांडे खरकटे होते. टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या वस्तीत हा मुद्दा किरकोळ नाही.

सकाळच्या घाईसाठी सुशीला हा पदार्थ मराठवाड्याबाहेर फारसा कोणी जाणत नाही. दोन-तीन मुठी मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्यावेत. तेलात मोहरी, शेंगदाणे, कांदा, मिरची, कढीपत्ता, हळद परतून मुरमुरे घालावेत, वर फुटाण्याच्या डाळ्याची दोन चमचे पूड आणि मीठ टाकून दोन वाफा द्याव्यात. भिजवलेल्या पोह्यांपेक्षाही हे लवकर होते. शेंगदाणे आणि डाळ्याची पूड वगळू नये, त्यांच्यावाचून उरतात ते केवळ ओले मुरमुरे.

भाकरी थापणे एका दिवसात साधत नाही. तोवर धिरडी करावीत. एक वाटी ज्वारीचे पीठ, दोन चमचे बेसन, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ आणि सरसरीत होईल इतके पाणी एकत्र करावे. तव्यावर तेल लावून पीठ पसरावे, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजावे. पळीभर मेथी किंवा किसलेले गाजर घातले, तर भाजीही पोटात जाते. उरलेली भाकरी असल्यास फोडणीची भाकरी उत्तम. १९७२ च्या दुष्काळात मिलो नावाची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्या पिढीच्या घरांत शिळी भाकरी टाकून देणे आजही पाप मानतात.

मटकी किंवा मूग रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधावेत. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत आणि थंडीत दीड दिवसात मोड येतात. आठवड्यातून दोनदा उसळ, दोनदा अंडी (एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात) आणि शाकाहारी मुलांसाठी एकदा सोयाबीनच्या वड्या, असे चक्र ठेवावे. कोरड्या सोयावड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिने असतात आणि अर्धी वाटी वड्या एका वेळेस पुरतात. त्या गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून मगच रश्श्यात घालाव्यात, अन्यथा वास राहतो.

लोह, चहा आणि दौलताबादचा पेरू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताक्षय आढळला. महाविद्यालयीन मुली याच गटात मोडतात. पहाटे उपाशी निघून दुपारी बिस्किटांवर भागविणाऱ्या मुलीला चढण चढताना धाप लागत असेल, वर्गात डोळे मिटत असतील, तर त्यास आळस म्हणण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रांत हिमोग्लोबिनची तपासणी होते. कमतरता अधिक असल्यास केवळ आहाराने ती भरून निघत नाही, वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या घ्याव्याच लागतात.

आहारापुरते बोलावयाचे, तर प्रौढ स्त्रीस दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषास १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. म्हणून हिवाळ्यात रात्री भाताऐवजी बाजरी घ्यावी. डाळी, पालेभाज्या, कारळे, गूळ-शेंगदाणे यांची त्यात भर पडते. परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच्यासोबत ‘क’ जीवनसत्त्व असावे लागते आणि जेवणालगतचा चहा त्यात अडथळा आणतो. चहा सोडावा असे कोणी म्हणत नाही, जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

‘क’ जीवनसत्त्वासाठी लांब जाण्याचे कारण नाही. दौलताबाद-खुलताबाद परिसर पेरू आणि सीताफळांसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसलेल्या विक्रेत्या अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांची वाट पाहात असतात आणि स्थानिक विद्यार्थी शेजारच्या टपरीवर भजी खात असतो. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असते, ते संत्र्याच्या चौपट भरते. मध्यम आकाराच्या एका पेरूत दिवसाची गरज भागून उरते. हंगाम नसेल, तेव्हा वरणात अर्धे लिंबू पिळावे किंवा ताजी कोथिंबीर घालावी. आठवडी बाजारात संध्याकाळी उशिरा भाजी स्वस्त मिळते, हे खरे, परंतु खोलीवर फ्रीज नसेल, तर पालेभाजी दोन दिवसांपुरतीच घ्यावी. कांदा, बटाटा, गाजर, कोबी, भोपळा ही आठवडाभराची सोय होय.

नूडल्सविषयी एक खुलासा आवश्यक आहे. महिन्यातून दोन-चारदा खाल्ल्याने कोणाचे काही बिघडत नाही. अडचण ती रोजचे जेवण होण्यात आहे, कारण पाकिटात मुख्यतः मैदा आणि तेल असून मसाल्याच्या पुडीत मीठ भरपूर असते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. खायचेच झाल्यास पुडी अर्धी घालावी आणि पाण्यात वाटीभर भाज्या व एक अंडे सोडावे. खारी, टोस्ट, बिस्किटे यांना मात्र न्याहारी म्हणू नये. भाजलेले फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा हे खिशात मावतात आणि एसटीत बसून खाता येतात.

शिळे किती काळ चालते?

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. शिजलेला भात खोलीच्या तापमानास राहिला, की त्यात एका प्रकारचे जिवाणू वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. भात दोन तासांत संपवावा, अधिक झाल्यास फ्रीजमध्ये ठेवावा, फ्रीज नसेल तर मोजकाच लावावा. सकाळच्या वरणाची रात्री फोडणी हिवाळ्यात एखाद्या वेळी जमते, उन्हाळ्यात नाही. आंबूस वास किंवा फेस दिसल्यास चाखून पाहण्याचा प्रयोग करू नये.

डब्यासाठी म्हणूनच कोरडे पदार्थ बरे. दह्यात मळलेली ज्वारी-बेसनाची धपाटी, दुधात मळलेली दशमी, कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी दुपारी एकपर्यंत निर्धोक राहतात. ओल्या खोबऱ्याची चटणी, पातळ आमटी आणि दहीभात उन्हाळ्यात डब्यात देऊ नये. डबा गरम असताना घट्ट बंद केल्यास वाफेचे पाणी सुटते आणि अन्न लवकर खराब होते, म्हणून पाच मिनिटे उघडा ठेवून मग झाकण लावावे.

शेगडीबाबत. पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर ओळखपत्र दाखवून अधिकृत वितरकाकडून घेता येतो. रस्त्यावर भरून मिळणाऱ्या टाक्या घेऊ नयेत. सिलिंडर उभाच ठेवावा आणि शेगडी त्याहून उंच जागी असावी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. वास आल्यास दिव्याचे बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेची उघडी तारेची शेगडी वापरणाऱ्यांनी तिच्यावर धातूचे भांडे ठेवताना बटण बंद असल्याची खात्री करावी. खोली भाड्याने घेतानाच स्वयंपाकाची परवानगी, विजेचे बिल आणि पाण्याची वेळ या तीन गोष्टी घरमालकाशी बोलून घ्याव्यात. दोघे-तिघे एकत्र राहात असतील, तर एकाने कुकर, दुसऱ्याने भाजी-बाजार आणि तिसऱ्याने भांडी अशी पाळी ठरवावी. ती बहुधा पहिल्या आठवड्यात मोडते, म्हणून परीक्षेच्या काळातील पाळी आधीच लिहून ठेवावी.